धुऱ्यावरचे गोटे

नकाशावर रेघ ओढणाऱ्यानं आयुष्यात एकदा तरी निंदण केलेलं असावं, असं माझं ठाम मत आहे. लोक हसतात. हसू द्या.

कापसानं सगळ्यांना जेरीस आणलं होतं, तेव्हाची गोष्ट. राळेगावकडच्या वावरांत बोंडअळी, भावाची बोंब, आणि रस्त्याच्या मुरमासाठी टेकड्यांवर ठेकेदारांचा डोळा. पुरातत्त्वाच्या एका सरांच्या हाताखाली आम्ही चौघं त्या भागाचा नकाशा करत होतो. आदिमानव कुठून नदीकडे उतरत असेल, त्याची हत्यारं कुठे सापडतील, तेवढा भाग रेघांनी भरायचा. रेघांच्या आत मुरूम खोदायला मनाई. बाहेर सगळं मोकळं.

माझ्याच गावाजवळ, टेकडीखालच्या एका वावरात, नाल्याकडच्या धुऱ्यावर गारगोटीचे धारदार छिलके, आदिमानवानं हत्यारं घडवताना उडालेले, ढिगानं सापडले. आमचे सर खूश. त्यांनी त्या बांधालगत बोटभर पट्टा रेघांनी भरला. "माणसं नाल्याच्या कडेनं जायची. सिद्ध झालं." टेकडी बाहेरच राहिली.

काय डोंबल सिद्ध झालं! निंदताना हाताला लागलेला गोटा बाया धुऱ्यावर नेऊन टाकतात. मीही टाकलेत. सरांना सांगितलं, तर म्हणाले, "पुरावा आण."

आणला. माझ्या मायलाच घेऊन गेले. ती जन्मभर त्याच वावरात मजुरीला जायची. ढीग पाहून ती हसायलाच लागली.

"साहेब, हे गोटे म्याच आणून टाकले. धुरा वाहून जाये ना नाल्यात! लय धार असते यायले, माह्ये बोटं कापले. तुम्ही इथं कायले शोधून राह्यले? वर चाला."

वर गेलो. कापसाच्या पऱ्हाटीच्या ओळींपासून थेट टेकडीवरच्या खिंडीपर्यंत छिलकेच छिलके. जुनी वाट खिंडीतून उतरत होती, नाल्याकडून नाही. सरांनी तिथे एकेक छिलका उचलून निरखला. संध्याकाळी मात्र म्हणाले, "नकाशा उद्या जायचाय. एका मजूर बाईच्या सांगण्यावरून मी तो बदलणार नाही."

माझं डोकंच सणकलं. तिची बोटं कापली तो पुरावा नाही, आणि तुम्ही जीपमधून उतरून घटकाभर पाहिलं तो पुरावा? मी शाईचा पेन घेतला आणि त्यांच्यादेखत टेकडी खिंडीपर्यंत रेघांनी भरली. खाली 'माहिती कोणी दिली' या रकान्यात मायचं पूर्ण नाव लिहिलं.

"अहवालात तुझं नाव राहणार नाही," सर म्हणाले.

"नका ठेवू. तिचं खोडून दाखवा."

नवा नकाशा काढायला वेळ नव्हता. तोच गेला, आणि टेकडी वाचली. माझं नाव कुठेच नाही, याचं वाईट वाटतं. खोटं कशाला बोलू?

पुढे छापील नकाशा आला, तो मी मायपुढे पसरला. तिला वाचता येत नाही. तिचं बोट धरून त्या बारीक अक्षरांवर ठेवलं.

"हे माह्यं नाव?" तिनं डोळे बारीक करून पाहिलं. "मंग एवढंसं काहून? मोठं काढाचं होतं ना!"