चमचाभर विरजण

रविवारी सकाळी मी स्वयंपाकघरात बसून माझ्या कॉलेजच्या दिवसांतल्या लॅपटॉपवर पेन ड्राइव्हवरून लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी प्रणाली, टाकत होतो. दुकानदाराने तो भंगारात काढायला सांगितला होता. पण शेजारच्या पल्लवीला कॉलेजसाठी लॅपटॉप हवा होता आणि नवा घेणं तिच्या घरच्यांना परवडणार नव्हतं. ती माझ्या शेजारी बसून पडद्याकडे बघत होती.

“केवढ्याला आणलंस हे?” आईने विचारलं.

“फुकट. जगभरच्या लोकांनी मिळून बनवलंय. कुणीही वापरावं, बदलावं, पुढे द्यावं.”

“फुकट कोण देतं रे? काहीतरी खोट असणार.”

तेवढ्यात पल्लवीची आई दारात आली. “वहिनी, विरजण आहे का हो? कालचं दही पोरांनी चाटूनपुसून संपवलं.”

आईने चमचाभर दही वाटीत दिलं. “दूध कोमट असू दे गं. आणि माझी वाटी परत दे!”

मला हसू आलं. आईच्या विरजणावर निम्म्या गल्लीचं दही लागतं, तरी तिचं भांडं रिकामं होत नाही. मीही कुणाची पुस्तकं, कुणाच्या नोट्स घेऊनच घरातला पहिला पदवीधर झालो. जाहिराती सतत नवं घ्यायला सांगतात; मला मात्र वाटून न संपणाऱ्या गोष्टींचंच अप्रूप वाटतं.

लॅपटॉप सुरू झाला. पल्लवीने टाळीच वाजवली.

“दादा, हा पेन ड्राइव्ह नेऊ? मैत्रिणीचा लॅपटॉपपण असाच पडून आहे.”

मी बोलायच्या आत आई म्हणाली, “ने की! फक्त माझ्या वाटीबरोबर तोही परत आण.”