दत्ताच्या कपाटातली अकरा कार्डं

दत्ता चोर होता.

आज त्याचं वर्षश्राद्ध. कॉलेजच्या फेसबुक ग्रुपवर सकाळपासून त्याचे फोटो आणि हात जोडलेले इमोजी येताहेत. वर्षभर मी गप्प बसले. आज बसवत नाही.

सत्तरच्या दशकात आम्ही दोघं सांगलीला इंजिनिअरिंगला होतो. मी रहिमतपूरची, तो फलटणचा, फौजीचा मुलगा. वर्गात मी एकटीच मुलगी आणि माझ्याशी धड बोलणारा हा एकटाच.

कॉलेजात कार्डं पंच करायचं मशीन होतं, कॉम्प्युटर मात्र पुण्यात. प्रोग्रामच्या एका ओळीला भोकं पाडलेलं एक कार्ड. प्रोग्राम म्हणजे रबर लावलेला गठ्ठा, तो एस.टी.नं पुण्याला जायचा.

मी गठ्ठ्याच्या वरच्या कडेवर निळ्या पेन्सिलनं तिरकी रेघ मारायचे. कार्डं सांडलीच तर रेघ बघून क्रम लावता येतो.

पुण्याला ट्रेनिंगची एकच जागा होती. सरांनी दोघांना एकच काम दिलं, ज्याचा प्रोग्राम चालेल त्याला जागा. भरतीला आलेल्या पोरांच्या उंचीची सरासरी काढायची. आकडे सर स्वतः घालणार होते, आणि मुद्दाम काही चुकीचे. कुणाची उंची शून्य, कुणाची नऊशे सेंटीमीटर.

त्यासाठी मी वेगळं फंक्शन, म्हणजे प्रोग्रामातला एक स्वतंत्र तुकडा, लिहिलं. अकरा कार्डांचं. आलेला आकडा माणसाच्या उंचीचा आहे का, एवढंच ते बघायचं. नसेल तर तो सोडून पुढं.

दत्ताला ते काही जमेना. मी कॅन्टीनमध्ये बसून समजावलं. फंक्शन कसं बोलवायचं, तेसुद्धा मीच.

दोघांचे गठ्ठे घेऊन पुण्याला तोच गेला. मला एकटीनं प्रवास करायची घरून परवानगी नव्हती.

परत आला तो मान खाली घालून.

"कराडच्या स्टँडवर तुझा गठ्ठा सुटला गं. रबर तुटलं. गावली तेवढी कार्डं गोळा केली."

माझा प्रोग्राम चाललाच नाही. फंक्शन सापडत नाही, असा एरर.

त्याचा चालला.

बिचारा रडवेला झाला होता. मीच त्याची समजूत काढली. म्हटलं, रबर जुनं होतं, तुझी काय चूक? वर डब्यातला शेंगदाण्याचा लाडू दिला.

तो पुण्याला गेला, मोठा झाला. मी गावच्या शाळेत गणित शिकवलं. दर दिवाळीला न चुकता फोन करायचा. आणि मी इतकी वर्षं त्या रबराला दोष देत राहिले.

गेल्या वर्षी तेराव्याला गेले, तेव्हा वहिनींनी त्याच्या कपाटातून एक पाकीट आणून माझ्या हातात ठेवलं.

"ह्यांचा पैला प्रोग्राम, ताई. लय जपायचे. कुनाला हात लावू द्यायचे न्हाईत. तुमाला कळंल त्यातलं."

अकरा कार्डं. कडेला निळी पेन्सिल.

मी म्हटलं, "व्हय वहिनी, चांगला हाय."

घरी येऊन ट्रंकेतला माझा गठ्ठा काढला. ती अकरा त्यात घातली. रेघ पुरी झाली.

दत्ता, तू मागितलं असतंस तर मी ते फंक्शन पुन्हा पंच करून दिलं असतं. अर्ध्या तासाचं काम. पण मग दोघांचेही प्रोग्राम चालले असते, आणि जागा एकच होती. हे तुला कराड यायच्या आधीच कळलं होतं.

वहिनी फेसबुकवर नाहीत. त्यांना कुणी सांगू नका.

मला सगळ्यात जास्त राग त्या लाडवाचा येतो.

श्रद्धांजली वाहते, दत्ता. भावपूर्ण म्हणवत नाही.