काळीवर बांधलेलं घर

कोकणातल्या या लाल मातीत मला आता सहावं वर्ष. इथं पाया खोदायचा तर पहारीनं घाम काढावा लागतो, पण एकदा भिंत उभी राहिली की ती आपली जागा सोडत नाही. परवा आमच्या कामाशेजारच्या बंगल्यात बागेसाठी कुणी घाटावरून काळी माती मागवली. वाफ्यांत पसरली, पाणी मारलं, आणि मग मालक आठवडाभर फिरकले नाहीत. सोमवारी सकाळी पाहिलं तर सगळ्या वाफ्यांना भेगा. एकीतून दुसरी फुटलेली, दुसरीतून तिसरी. थापी हातात तशीच राहिली. सोबतचे गवंडी हसले, माती काय बघतोस म्हणाले. त्यांना काय सांगणार? माझी शाळा आठवीत सुटली, कागदावर चार ओळी लिहितानाही धाकधूक होते, पण तुमच्यासारखं कुणी मन लावून वाचणार असेल तर सांगून टाकावं असं वाटलं.

आमच्याकडं, यवतमाळ जिल्ह्यात राळेगावच्या अंगाला, जमिनीचे दोनच प्रकार मानतात. पिकते ती काळी, राहायची ती पांढरी. आमचं जुनं गाव मुरमाच्या एका लांबट उंचवट्यावर होतं आणि खाली चहूकडं काळी पसरलेली. पावसाळ्यात ही माती पाय धरून ठेवते, बैलबंडी आसापर्यंत रुतवते, आणि उन्हाळ्यात तीच तहानेनं फाटत जाते. म्हणून जुन्या माणसांनी कपाशी खाली ठेवली आणि चुली वर नेल्या. कुणी नकाशा काढला नव्हता. मातीनं आणि पाण्यानं जिथं राहू दिलं तिथं माणसं राहिली, इतकंच.

मग खालून डांबरी रस्ता गेला, काळीच्या मधोमध. एसटी तिथंच थांबू लागली. आधी पानटपरी उतरली, मग चक्की, मग सोयाबीन घेणाऱ्याचं गोदाम, आणि बघता बघता घरं उतरू लागली. जे शेकडो वर्षं कुणी केलं नव्हतं ते आम्ही दहा-बारा वर्षांत केलं. काळीवर राहायला आलो.

वरची निम्मी घरं ज्यांच्या हातची, ते आमचे मिस्त्री चाचा. शाळा सोडून मी घरी बसलो तेव्हा ओळंबा माझ्या हाती त्यांनीच दिला. आज परमुलखात दोन घास खातो ते त्यांच्यामुळं. घराची जागा पाहायला ते भर पावसात निघायचे, डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन. गावची गुरं कुठं बसली आहेत ते बघायचे. जनावर चिखलात बसत नाही, आपोआप मुरूम शोधतं. "इंजिनेरापेक्षा ही गाय हुशार हाय," म्हणत, आणि तिला हुसकून तिथंच खुंटी ठोकत.

तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात रस्त्याकाठच्या आमच्या तुकड्यावर घर बांधायचं मीच काढलं. मायचे गुडघे गेले होते, तिला चढ चढवत नव्हता. मला सुट्टी वीस दिवसांची. चाचा आले, बांधावरची एक तुराटी उचलली आणि भेगेत सोडली. कमरेएवढी ती काडी आत दिसेनाशी झाली.

"देख बेटा, इथपर्यंत जमीन हलते. पाया याच्या खाली न्या लागते, मुरूम लागेपर्यंत. मंग चरात मुरूम भरू, एक बरसात बसू देऊ."

"चाचा, मले वीस दिवसात वापस जा लागते. तिकडं आम्ही दोन फुटात बंगले उभे करून राह्यलो."

"तिकडं खाली दगड हाय. इथं कुठं हाय बाप्पा दगड?"

"तुमचं जुनं झालं आता."

त्यांनी हाताची माती झटकली. मग म्हणाले, "घर तुझं, मर्जी तुझी," आणि पायजमा वर खोचून चरात उतरले. चर दोन फुटांवर थांबला. भिंती मात्र त्यांनी अशा उचलल्या की सूत लावून पाहावं.

दिवाळीपर्यंत खिडकीच्या कोपऱ्यातून छतापर्यंत चीर गेली. पुढच्या उन्हाळ्यात तिच्यात मायची बोटं जाऊ लागली. एक दिवस तिनं फोनवर विचारलं, "लोक म्हणून राह्यले मिस्त्रीचा हात गेला, पाया बराबर नाही केला म्हणे. खरं काय रे?"

मी म्हणालो, "आल्यावर पाहतो."

एवढंच म्हणालो. तेव्हा तोंडातून खरं निघालं असतं तर गोष्ट तिथंच मिटली असती. पण गावाच्या लेखी मी बाहेर बंगले बांधून आलेला गवंडी होतो, आणि ते नाव मला फार प्रिय होतं. चाचांनीही तोंड उघडलं नाही. पोरानं ऐकलं नाही, इतकं म्हणाले असते तरी सुटले असते. रस्त्यालगत घरामागून घर उठत होतं आणि त्यांना कुणी साधा ओटाही बांधायला बोलावत नव्हतं.

गेल्या मार्चमध्ये ते गेले. मी पोचलो तोवर दफन होऊन दोन दिवस झाले होते. चाचीनं पाणी दिलं आणि म्हणाली, "तुझी लय याद करत. पोराचं काम नीट चालू हाय ना, म्हणून ज्याला त्याला विचारत."

तिथून उठलो तो सरळ पानटपरीवर गेलो. चार-सहा जण बसले होते. उभ्यानंच सांगितलं, "आमच्या घराची चीर माझ्यामुळं पडली. चाचा मुरमापर्यंत खोद म्हणत होते. मीच नाही ऐकलं."

टपरीवाला पानाला चुना लावता लावता थांबला. "काहून आपल्यावर घेतं बे? गेलेल्या माणसाचं वाईट नाही बोला लागत, समजते आम्हाले."

"खरं सांगून राह्यलो, काका."

"हो बाप्पा, खरं. बस, चहा घे."

बाकावरचा एक म्हातारा मान हलवत शेजाऱ्याला म्हणाला, "उस्तादासाठी इतकं कोण करते आजकाल? मायनं पोरगं चांगलं घडवलं."

मी पुन्हा एकदा सांगितलं. मग आणखी एकदा. दर वेळी त्यांचे चेहरे जास्तच मायाळू होत गेले. शेवटी चहा घेतला.

वर उंचवट्यावर चाचांच्या हातची घरं अजून उभी आहेत, एकाही भिंतीला चीर नाही. पण तिकडं आता कुणी राहत नाही, कुणी जातही नाही. आमचं घर रस्त्यावर आहे. एसटीतून उतरणारा प्रत्येक जण ते पाहतो आणि मिस्त्रीचं नाव घेतो. आणि माझं विचाराल, तर त्या दिवसापासून गावात माझं नाव आणखीच चांगलं झालं आहे.