मोरीची फळी

जनार्दन धर्मा म्हात्रे ऊर्फ जनू. वय त्रेसष्ट. राहणार जिते गावाजवळ, ता. पेण. व्यवसाय : भातशेती. राष्ट्रीय महत्त्वाच्या रस्ते-प्रकल्पाने बाधित किंवा कसे : अबाधित. जमीन संपादनरेषेपासून अकरा मीटर बाहेर असल्याने सदर व्यक्तीचे नुकसान संभवत नाही.

नुकसान संभवतं की नाही, हे खाडीच्या हाती होतं. जनूचं भात खाडीच्या बांधाआड. नव्या रस्त्याने तो बांध पोटात घेतला आणि पावसाचं पाणी खाडीत जावं म्हणून रस्त्याखाली सिमेंटची मोरी टाकली. जुन्या बांधाला लाकडी झडप होती. ओहोटीला उघडायची, भरतीला मिटायची. मोरीला झडप नव्हती. उधाणाचं खारं पाणी तिच्यातून उलट आत शिरलं, तर जमीन दोन-तीन वर्षं भात देत नाही.

तरी रस्त्याला नावं ठेवणं जनूला जड जाई. जूनमध्ये सून नमिता अडली. पेणच्या दवाखान्याने पनवेलला न्यायला सांगितलं, आणि गाडी पाऊण तासात पोचली. जुन्या रस्त्याने नात खड्ड्यातच जन्मली असती, असं तो स्वतःच सांगतो.

झडपेसाठी अर्ज मात्र त्याने केले. तिसऱ्या अर्जानंतर कंत्राटदाराकडच्या शौनक नावाच्या इंजिनियरचा फोन आला. मूळचे रोह्याचे, नुकतेच लागलेले.

"काका, पाहणीला साहेब पण येणारेत. चिखल कमी असेल असा दिवस सांगाल का?"

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा हिशेब खाडीकाठी लहानपणीच तोंडपाठ होतो.

"अष्टमीला या. आठ पाऊण सहा. सहाला भरती, म्हंजे बाराला ओहोटी. बूटसुद्धा भिजायचे नाय."

मंडळी अष्टमीला बाराला आली. आदल्या दिवशीच्या पावसाचं पाणी मोरीतून खाडीकडे शहाण्यासारखं वाहत होतं. साहेबांनी फोटो काढला. जनूकडे चहा झाला. शेरा पडला : 'निचरा समाधानकारक. झडपेची आवश्यकता नाही.'

"अवसेच्या उधाणाला बोलवायचं सोडून अष्टमीला बोलावलंत?" बायको सीताबाई म्हणाली.

"साहेब चिखलात पडला असता गो. बरं दिसलं असतं?"

"नाय. आता आपलं भात खाऱ्यात बुडलं की बरं दिसंल."

जनूने शौनकना फोन लावला. "अवसेला परत या. गमबूट घालून."

"काका, शेऱ्यावर सही झालीय. आता पाहणी पावसाळ्यानंतर."

"तवर बघायला काय ऱ्हाईल?"

"तेच बघायचं असतं, काका."

जुन्या झडपेची फळी जनूने माळ्यावर ठेवली होती. ती त्याने मोरीच्या मापाने गोल तासली. अमावास्येला भरतीच्या अर्धा तास आधी नवरा-बायको खाडीच्या अंगाला उतरली, फळी मोरीच्या तोंडाला लावली, कडेने चिखल लिंपला. पाणी चढलं आणि त्या पाण्यानेच फळी आणखी घट्ट दाबून धरली. तरी कडेने झिरपलंच. दोन गुंठे भात गेलं, बाकीचं राहिलं.

कागदोपत्री सदर व्यक्ती अजून अबाधित आहे. उधाणाच्या दिवसांत ती दिवसातून दोनदा फळी लावते आणि दोनदा काढते.