मावशींचं फच

आमच्या शाळेतल्या मावशींचं नाक फार तिखट होतं. शिक्षकखोलीत कुणी स्टोव्हवर दूध ठेवून गप्पांना बसलं, की अंगणात झाडू मारणाऱ्या मावशी तिथूनच ओरडत, "करपतंय गो बाय!" पहिलीतलं एखादं पोर पेंगुळलं, की त्याच्या टाळूचा वास घेऊन सांगत, "ह्याला ताप भरणार हाय. घरी धाडा." आणि संध्याकाळपर्यंत बहुधा ताप भरतच असे. मुख्याध्यापकांच्या कपाटात उंदीर मेलाय, हेही सर्वांत आधी त्यांनीच सांगितलं होतं. मुख्याध्यापक दोन दिवस मानायला तयार नव्हते.

मी महाडच्या त्या शाळेत लागले तेव्हा पंचवीस वर्षांची होते. नवरा कोर्टात कारकून, घरात सासूबाई. मावशी शाळेत शिपाई होत्या. मूळच्या पोलादपूरजवळच्या एका बौद्धवाडीतल्या. ऐन तरुणपणी नवरा गेला, तेव्हा मुलीला आईपाशी ठेवून त्या मुंबईला गेल्या आणि भायखळ्याला एका एकट्या ख्रिस्ती म्हातारीकडे अठरा वर्षं स्वयंपाक केला. तिला त्या 'मोठी बाय' म्हणत. मोठी बाय वारली, तशा मावशी एक पत्र्याची पेटी आणि एक जाड बुडाचं पातेलं घेऊन परत आल्या.

त्या पातेल्यात वर्षातून एकदाच काही शिजे. नाताळाच्या आदल्या दिवशी मावशी शाळेत एक डबा आणत आणि पोरांपासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांना एकेक तपकिरी तुकडा देत. मोठ्या बायच्या घरी त्याला फज म्हणत. मावशी 'फच' म्हणत, म्हणून आम्हीही फचच म्हणू लागलो. त्यासाठी लागणारी चॉकलेटची लादी तेव्हा महाडात सहजी मिळत नसे. मावशींच्या ओळखीचा एक कंडक्टर आंबेनळी घाटातून जाणाऱ्या गाडीवर होता, तो महाबळेश्वरहून ती आणून देई.

एकदा मी त्यांना विचारलं, "मावशी, नाताळ तर आपला नाही. मग एवढा खटाटोप कशाला?"

"आपला नाय, पण मोठ्या बायचा हाय ना? तिच्यामागं तिचं कोण उरलं नाय. मग मी नको करायला?" असं म्हणून त्या पायरीवर टेकल्या. "सादं फच तिचं, बाई. सुंठ-दालचिनी माझी. पयल्यांदा घातली तवा वाटलं, आता वरडते. तर चाखून गप बसली. मग पावणे आले का मला किचनातनं भायेर बोलवायची नि सगळ्यांदेखत सांगायची, हे हिनं केलं. मी आपली पदराला हात पुशीत उभी. अठरा वर्सं दर नाताळाला सांगितलं तिनं. एकदा पण चुकली नाय."

शिक्षकखोलीत मावशींनी दिलेला तुकडा काही जणी कागदात गुंडाळून पर्समध्ये ठेवत. पुढे त्याचं काय होई, कुणी विचारत नसे. मी मात्र तिथल्या तिथे तोंडात टाकी. आणि मी टाकते आहे हे सगळ्यांना दिसेल, असंही बघे. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटायचा.

माझ्या नोकरीच्या चौथ्या वर्षी गावातल्या महिला मंडळाने संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गोड पदार्थांची स्पर्धा ठेवली. मंडळात डॉक्टरांच्या, वकिलांच्या, व्यापाऱ्यांच्या बायका होत्या. मी नुकतीच सभासद झाले होते आणि त्या अजून मला नावाने ओळखत नव्हत्या. ओळखावं, असं मला फार वाटत होतं.

मी मावशींना म्हटलं, "मला फच शिकवाल का?"

"त्यात काय शिकवायचं? सोपं तर हाय," त्या म्हणाल्या आणि शनिवारी शाळा सुटल्यावर माझ्या घरी आल्या. सासूबाई गावाला गेल्या होत्या. त्या घरात नाहीत, हे पाहूनच मी शनिवार ठरवला होता. मावशींनाही ते कळलं असणार, कारण ओट्याशी येण्याआधी त्यांनी दारात थांबून विचारलं, "आत येऊ ना?"

खरोखरच सोपं होतं. आटवलेल्या गोड दुधाचा डबा, लोण्याचा गोळा आणि चॉकलेटचे तुकडे मंद आचेवर ठेवून हलवत राहायचं. सुंठ, दालचिनी, लवंग यांची पूड शेवटी घालायची, आणि चिमूटभर मिरी. "मिरी कशाला?" मी विचारलं. "खाल्लेलं ध्यानात ऱ्हातं," मावशी म्हणाल्या. मग मध्येच एकदम, "उतरवा! वास फिरला!" मला कसलाच वास फिरलेला कळला नाही, पण मी पातेलं उतरवलं. तूप लावलेल्या ताटात ओतलं, थंड झाल्यावर वड्या कापल्या. कडेचे वेडेवाकडे तुकडे आम्ही दोघींनी एकाच ताटलीतून खाल्ले आणि वर चहा प्यायलो. इतकी सुरेख दुपार त्या घरात मी फारशी अनुभवली नव्हती.

स्पर्धेच्या दिवशी ताटापुढच्या चिठ्ठीवर मी लिहिलं, 'चॉकलेट-मसाला वडी'. फच हा शब्द मला तिथे गावंढळ वाटला. पहिला नंबर माझा आला. अध्यक्षीणबाईंनी मला पुढे बोलावलं आणि विचारलं, "हे कुठून शिकलात हो?"

सभागृहाच्या दारात मावशी कपबश्यांचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. मंडळाने त्यांना त्या दिवशी कप विसळायला बोलावलं होतं. मला त्या स्पष्ट दिसत होत्या. एक वाक्य बोलायचं होतं. पण मनात आलं, मावशींचं नाव घेतलं तर ताटातल्या उरलेल्या वड्या तशाच राहतील, आणि ज्यांनी खाल्ल्या आहेत त्यांचे चेहरे कसे होतील. मी म्हटलं, "माझंच आहे. एका मासिकात थोडं वाचलं होतं, मग प्रयोग करत गेले."

टाळ्या झाल्या. अध्यक्षीणबाईंचं लक्ष दाराकडे गेलं. "अहो, त्या मावशींनाही द्या एखादी. त्यांनी कुठं खाल्लं असेल असलं काही!"

मी ताटातली एक वडी उचलली आणि दाराशी गेले. मावशींनी ट्रे खाली ठेवला, हात पदराला पुसले आणि ओंजळ पुढे केली. माझ्या पाठीमागे पन्नास बायका बघत होत्या. मी हात उंच धरला आणि वडी वरून सोडली.

चवदार तळ्यापासून ते सभागृह चालत पाच मिनिटांवर आहे. आठच दिवसांपूर्वी मी त्याच बाईबरोबर एका ताटलीतून खाल्लं होतं.

मावशींनी वडी तोंडात टाकली. सावकाश खाल्ली. "बेस झालीय, बाई," त्या म्हणाल्या आणि ट्रे उचलून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी शाळेत त्या नेहमीसारख्याच वागल्या. खडू आणून दिले, फळा पुसला, माझ्या वर्गातल्या रडक्या मुलाला शांत केलं. त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. मी स्वतःची समजूत घातली, की त्यांना काही वाटलेलं नाही.

त्या वर्षी नाताळ आला, पण डबा आला नाही. मुलं विचारत होती. शेवटी मीच धीर केला. "मावशी, यंदा फच?"

"नाय केलं." त्या खिडक्या लावत होत्या. "आता लोक म्हणतील, बाईंचं बघून केलं. मोठ्या बायच्या नावानं करायची मी. दुसऱ्याच्या नावानं कसं करू?"

त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. मी तिथून निघून गेले. त्यानंतर त्यांची नोकरी सुटेपर्यंतच्या पाच वर्षांत त्यांनी शाळेत डबा आणला नाही, आणि मीही त्या वड्या पुन्हा केल्या नाहीत. माझ्या नावानिशी ती कृती मात्र मंडळाच्या वार्षिक पुस्तिकेत छापून आली.

नोकरी संपल्यावर मावशी पोलादपूरला मुलीकडे राहायला गेल्या. एका रविवारी मी एस.टी.ने तिथे गेले. त्या ओटीवर तांदूळ निवडत होत्या, नजर कमी झाली होती. मी जवळ बसले आणि म्हणाले, "मावशी, मी त्या दिवशी सगळ्यांसमोर खोटं बोलले. मला माफ करा."

"मला काय सांगता?" सुपावरचा हात न थांबवता त्या म्हणाल्या. "मला ठाव हाय कुणी केलं ते. ज्यांना ठाव नाय, त्यांना सांगा."

त्या संक्रांतीला मंडळाच्या कार्यक्रमात मी उभी राहिले. म्हटलं, "माझी ती बक्षीस मिळालेली वडी माझी नव्हती. ती आमच्या शाळेतल्या मावशींची. त्यांनीच मला शिकवली." मग कुणीतरी हसून म्हणालं, "अगंबाई, एवढंच ना! किती मनाला लावून घेता!" आणि तिळगूळ वाटायला सुरुवात झाली.

पुढच्याच आठवड्यात मी पुन्हा पोलादपूरला गेले आणि मावशींना हे सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला. "माझं नाव घेतलंत? सगळ्यांदेखत?" त्यांनी दोनदा विचारलं. मुलीला हाक मारून तिलाही ऐकवलं. मुलगी चहा ठेवायला आत गेली, तेव्हा मावशी माझ्याकडे वळल्या. त्या अंधूक डोळ्यांना माझा चेहरा कितपत दिसत होता, कोण जाणे.

"नि माझ्या हातावर वरनं टाकलात, ते?" त्यांनी हळूच विचारलं. "ते पण सांगितलंत?"

इतक्या वर्षांत त्यांनी ती गोष्ट पहिल्यांदाच काढली होती. मी म्हटलं, "हो मावशी. तेही सांगितलं."

"बरं केलंत," त्या म्हणाल्या आणि माझा हात दोन्ही हातांत घेऊन बसून राहिल्या, चहा येईपर्यंत.

त्याच पावसाळ्यात मावशी गेल्या. मला कळलं तेव्हा जलदानविधीही होऊन गेला होता. त्यानंतर मंडळाच्या कितीतरी बैठका झाल्या, दोन वर्षं तर मी अध्यक्ष होते. ते सांगायला मी अजून उभी राहिलेली नाही.