जमिनीवरचं ठेसन

१९६४ साली मी छत्तीस वर्षांचा होतो, बोईसर ठेसनात हमाली करायचो. तिथले पार्सलबाबू भाड्याच्या मातीच्या खोलीत एकटेच राहायचे. दिवाळीत पोरं किल्ला करतात तसं त्यांनी जमिनीवरच मातीचं अख्खं बोईसर ठेसन बांधलं होतं. पत्र्याचे रूळ, काड्यापेट्यांचे डबे. जेवायलासुद्धा ते भिंतीला चिकटून बसायचे. आपल्या कॅमेऱ्यानं त्याचे फोटो काढताना गाल जमिनीला टेकवायचे, इंजिनामागे उदबत्ती लावायचे आणि मला दटावायचे, "श्वास सोडू नकोस, धूर हलतो."

मग बदली आली. ठेसन काही उचलून नेता येईना. "फोटो नेईन," ते म्हणाले. "हातून एक तरी गोष्ट झाली, हे भावांना दाखवीन."

पालघरहून फोटो धुऊन आले. मी बघितले नि म्हटलं, "बाबू, हे तर आपलं खरं ठेसन. तुमी केलेलं कुठं हाय?"

त्यांनी फोटो पालथे ठेवले. "भाऊही हेच विचारतील."

"मग बाजूला हात ठेवून परत काढा की."

"हात ठेवला की खेळणं दिसेल रे."

फुकट ओझं मी जन्मात कुणाचं उचललं नाय. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते फावड्यानं सगळं खरवडत होते, आणि मी घमेली भरून बाहेर टाकत होतो.