पट्टीचं दुसरं टोक

आज बादलीत पट्टी भिजवली, आणि त्या ओल्या काचधाग्याच्या वासानं बेसाच्या घराच्या याच अंगणातली एक जुनी दुपार समोर आली. माझ्या सेकंडहँड स्पोर्ट्स कारचे एक्झॉस्टचे पाइप सोडवून मी पोत्यावर मांडले होते. त्यांची उष्णता अडवणारी पट्टी जळून झडली होती. नवी गुंडाळत होते, पण दर वळणावर ती सैल पडायची. मी उकलायची, पुन्हा सुरू करायची. काचेच्या कुसांनी हात नुसते खाजत होते. "काहून जीव काढून राहिली वं? मेकॅनिकले देऊन टाक," बाबा म्हणाले. "नाही देत. मीच करीन." मग ते उठले. उमरेडच्या विणकराच्या घरात वाढलेले, लहानपणी गल्लीत लुगड्याचा ताणा धरून उभे राहिलेले. पट्टीचं दुसरं टोक धरून ते फाटकापर्यंत मागे गेले. "आता गुंडाळ. मी सैल नाही पडू देत." मी गुंडाळत गेले, तसे ते ताण न सोडता पाऊल पाऊल पुढे येत राहिले, थेट हाताला हात लागेपर्यंत. आज दुसरं टोक धरायला बाबा नाहीत; ते मी फाटकाच्या कडीला बांधलंय. फाटक काही पुढे येत नाही. म्हणून पाइप घेऊन मीच त्याच्याकडे सरकतेय, पट्टी सैल पडू न देता.